डाव्या हाताचा वेल

पळसाला पानं तीन, हे शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसालाही ठाऊक असतं. पण फुललेल्या पळसाला एकही पान नसतं, हे मला नोकरीत इतक्या जणांना समजावून सांगावं लागलं की शेवटी मी पळसाची एक फुलांची सुकी फांदी टेबलाच्या खणातच ठेवून दिली होती. कुणी आलं की काढून दाखवायची. गडचांदूरच्या एका कंत्राटदाराच्या बायकोला दिवाणखान्यासाठी पळसाचं चित्र हवं होतं. फुलं केशरी हवीत आणि पानं हिरवीगार, कारण घरातले पडदे हिरवे होते.

मी म्हटलं, "बाई, दोन्ही एकदम नाई येत. फुलं येतात तेव्हा झाड उघडं असते."

"मग तुम्ही घाला ना पानं," त्या म्हणाल्या. "कागद तर तुमचाच आहे."

मी पानं घातली नाहीत आणि त्यांनी चित्र घेतलं नाही. ते अजून माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशेजारी आहे आणि फोडणीच्या धुरानं तो केशरी रंग पार विटकरी झाला आहे. खोटं पान मी जन्मात काढलं नाही, असं मी त्या काळी छाती ठोकून सांगायचे. आता सांगत नाही. का सांगत नाही, तेच इथे लिहायचं आहे.

मी झाडांची चित्रं काढायचे. हौस म्हणून नव्हे, नोकरी म्हणून. चंद्रपुरात एक वनस्पती-संग्रहाचं केंद्र होतं, तिथे मी चित्रकार होते. रजिस्टरात नाव नसीम, पण चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या जंगलात मला सगळे 'पेंटरबाई' म्हणत. मोबाइल आला तसं लोक विचारू लागले की आता फोटो निघतो, मग तुमचं काम काय? त्यांना मी सांगायचे, फोटोत त्या दिवशीचं ते एक झाड येतं. चित्रात मार्चमधलं फूल, मेमधलं फळ, कापलेलं बी आणि जमिनीखालचा कंद एकाच कागदावर बसतात. फोटोला चिखल, सावली, मागची शेळी सगळंच दिसतं. चित्रकार शेळी गाळतो. हे ऐकून लोक मान डोलवायचे आणि मग विचारायचे, "पण फोटो स्वस्त नाही का पडत?"

आता थोडं कामाविषयी. जलरंगात पांढरा रंग म्हणजे कागद. पान जिथे चमकतं तिथे कागद कोरा सोडायचा, आणि एकदा त्यावर रंग गेला की गेला. म्हणून जलरंगवाला माणूस रंगवण्याआधी सोडायचं काय ते ठरवतो. झाड तोडून आणलं की फूल आधी काढायचं, ते तासाभरात मान टाकतं. पानं दुपारपर्यंत धीर धरतात, कंद आठवडाभर थांबतो. नळीतला तयार हिरवा मी कधी वापरला नाही. निळ्यात पिवळा आणि त्यात चिमूटभर लाल घातल्याशिवाय आपल्या जंगलाचा हिरवा होत नाही. पण नुसत्या जलरंगावर माझं भागत नसे. काट्याला टाक आणि शाई लागायची, लवेला रंगीत पेन्सिल. फळाच्या चमकेसाठी धावड्याचा डिंक पाण्यात विरघळवून वरून एक हात द्यायचा. मेणबत्तीचा तुकडा आधी घासून ठेवला की त्यावर रंग धरत नाही, सालीच्या पांढऱ्या भेगा आपोआप राहतात. नागपूरहून आलेल्या एका मोठ्या चित्रकारानं माझं काम पाहून म्हटलं होतं, "हे शुद्ध जलरंग नाहीत." मी म्हटलं, "सर, झाड तरी कुठे शुद्ध असतं? त्याच्यावर मुंग्या असतात."

हा डिंक-मेणाचा संसार मला अब्बांकडून मिळाला. जटपुरा गेटाच्या आत अब्बांचं पाट्या रंगवण्याचं दुकान होतं. दुकानांच्या काचांवर अक्षरं काढायची ती आतल्या बाजूनं काढायची, म्हणजे पावसानं जात नाहीत. आणि आतून काढायची म्हणजे उलटी काढायची, तेव्हा ती रस्त्यावरून सुलटी दिसतात. दहाव्या वर्षी मी 'किराणा' एका दमात उलटा लिहायचे आणि शाळेत सुलटा लिहिताना मार खायचे. अब्बा खूश असत. म्हणत, "बेटा, जिसको उल्टा आता है, उसको सब आता है." अब्बांच्या बहुतेक गोष्टी खऱ्या निघाल्या. ही एक नाही निघाली.

नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं तेव्हा मी गडचिरोलीच्या आत, एटापल्लीच्या पलीकडे माडिया आदिवासींच्या एका गावात गेले. बरोबर देवाजीभाऊ होते. ते मूळचे वरोऱ्याकडचे, आमच्या केंद्रात झाडं गोळा करून कागदात दाबून वाळवायचं काम करायचे. त्या गावात शिरता शिरता मला आंब्याची एक देखणी डहाळी दिसली, कोवळ्या कैऱ्यांची. मी ती खुडली. देवाजीभाऊ मागे सायकलला टेकून विडी ओढत होते, नाहीतर त्यांनी माझा हात धरला असता.

गावात नवा आंबा आधी देवाला दाखवतात. त्या सणाला मरका पंडुम म्हणतात, आणि तो होईपर्यंत नव्या आंब्याला कुणी हात लावत नाही, पोरंसुद्धा नाहीत. मी डहाळी हातात मिरवत गावाच्या मध्यावर पोचले होते. कुणी ओरडलं नाही. गावाची पूजा करणारा म्हातारा, त्याला तिथे गायता म्हणतात, त्यानं एवढंच ठरवलं की डहाळी गावाबाहेर जाणार नाही आणि पंडुम होईपर्यंत बाईही जाणार नाही. पंडुम तीन दिवसांवर होता. देवाजीभाऊ म्हणाले, "मी येतो मंग चौथ्या दिवशी," आणि सायकल वळवून गेले. मला गावानं सोमरीबाईच्या घरी ठेवलं.

सोमरीबाई तेव्हा पस्तिशीची असेल. उंच, सडपातळ, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता त्याच्या हातांकडे बघायची. तिला मराठी येत होती, पण ती चिल्लरीसारखी जपून वापरायची. डहाळी वळचणीला टांगली होती, तिथे ती सुकत होती आणि मी तिच्याकडे बघून हळहळत होते.

"तुले डोरे नाई का?" सोमरीबाई म्हणाली. "झाड उभं हाय तिथी. पाह्य आन काढ. तोडते काऊन?"

तीन दिवस मी आंब्याखाली बसून झाडावरचाच आंबा काढला. वारा आला की डहाळी हलायची आणि मी थांबायचे. मुंगळे चावले. पण पानं देठापाशी कशी झुकतात, कैरीच्या वजनानं काडी कुठे वाकते, हे मला तोडलेल्या डहाळीनं कधीच दाखवलं नसतं. तेव्हापासून जमेल तिथे मी जित्या झाडासमोर बसून काम केलं. सोमरीबाई मला शिकवून गेली आणि तिला तसं वाटलंही नाही. पुढे पंधरा-सोळा वर्षं मी तिच्या गावाला जात राहिले. मला झाडं दाखवणारी तीच, आणि चित्र झालं की त्यावर 'हां' किंवा 'नाई' म्हणणारीही तीच.

मग आमच्या साहेबांच्या मनात तक्त्याची कल्पना आली. जंगलातले कंद ओळखायचा मोठा छापील तक्ता काढायचा आणि तो आश्रमशाळा, आरोग्य उपकेंद्रं आणि वननाके अशा चाळीस ठिकाणी लावायचा. कारण तसंच होतं. बाहेरून आलेले मास्तर, नर्सबाई, नाक्यावरची नवी पोरं, या सगळ्यांना जंगलात कंद मिळतो एवढं ऐकून ठाऊक असतं. कोणता, ते ठाऊक नसतं. तिथे दोन वेल शेजारी शेजारी वाढतात. एक गोड कंदाचा, खणला, भाजला, खाल्ला. दुसरी बैचांदी. बैचांदीही लोक खातात, पण तिच्या चकत्या करून, राखेच्या पाण्यात उकळून, टोपलीत भरून वाहत्या ओढ्यात दिवसचे दिवस धुतल्यावर. तशीच खाल्ली तर घशाला आग, उलट्या, चक्कर, आणि जास्त खाल्ली तर माणूस हातचा जातो.

मी सोमरीबाईच्या गावाजवळ बसून ते दोन वेल एकाच मोठ्या ट्रेसिंग कागदावर काढले. डावीकडे बैचांदी, उजवीकडे गोड कंद. पानं, काटे, कंद, कापलेला कंद. आणि मला स्वतःचं मोठं कौतुक वाटलं ती गोष्ट म्हणजे, दोन्हींच्या खाली मी एक एक छोटं चित्र जास्तीचं काढलं. झाडाच्या खोडावर चढलेला, पानं झडून गेलेला नुसता सुका वेल. कारण सोमरीबाईनंच सांगितलं होतं की कंद खणतात ते पानं झडल्यावर. ती जुने सुके वेल दाखवताना हवेत बोट गोल फिरवत होती. एकदा असं, एकदा तसं. मी मान हलवली आणि काढत राहिले. ऊन कलत होतं, मला प्रकाश जाण्याआधी काम संपवायचं होतं. ते बोट का फिरतंय, हे मी विचारलं नाही. माझ्या हातानं मात्र वेल जसा होता तसाच काढला, कारण हाताला तशी सवयच होती.

चंद्रपूरला साहेबांनी ट्रेसिंग पाहिलं. म्हणाले, "नसीम, खायचा कंद आधी पाहिजे. माणूस डावीकडून वाचतो. विष आधी कशाला?" म्हणणं बरोबर होतं. दोन्ही चित्रं पुन्हा आखायची तर चार-पाच दिवसांचं काम. मी काय केलं, ट्रेसिंग कागद पालथा घातला. पेन्सिलीची बाजू चांगल्या कागदावर ठेवली आणि पाठीवरून चमच्यानं घासलं. आकृती खाली उतरली, उलटी. गोड कंद डावीकडे आला, बैचांदी उजवीकडे गेली. दहा मिनिटांत. पाटीवाल्याची पोर होते मी, उलटं करणं तर माझ्या हातचा मळ. फुलाला, पानाला आरशात पाहिलं तरी काही बिघडत नाही, शेकडो वेळा केलं होतं तसं. मग महिनाभर बसून रंगवलं. काट्यांना शाई, सालीला मेण, कंदाच्या लवेला पेन्सिल. तक्ता छापून आला तेव्हा खाली कोपऱ्यात माझं नाव होतं. इतकी वर्षं चित्रं काढली, पण नाव असं पहिल्यांदाच छापलं होतं. एक तक्ता मी घरी अब्बांच्या खाटेसमोर धरला. अब्बांना तोवर नीट दिसत नव्हतं, त्यांनी बोटांनी कागद चाचपला आणि म्हणाले, "छपाई अच्छी है."

पावसाळा सरता सरता तक्ते गेले. सोमरीबाईच्या गावच्या शाळेत मी स्वतः तक्ता घेऊन गेले, चार खिळे मारून भिंतीवर लावला आणि तिला बोलावून आणलं. मला 'हां' ऐकायचं होतं.

ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "हे कोनं काढलं?"

"मीच. तुझ्या समोरच तं काढलं."

"पाहून काढलं का आठवून?"

"पाहून."

"मंग हा उलटा काऊन गेला?"

मला कळलं नाही. तिनं दारातल्या शेळीच्या गळ्यातला दोर सोडला आणि स्वतःच्या मनगटावर गुंडाळला. आधी एका बाजूनं, "हा गोड. हा उजव्या हाताचा." मग सोडून दुसऱ्या बाजूनं, "हा बैचांदी. हा डाव्या हाताचा." मग तक्त्याकडे बोट केलं. माझ्या चित्रात गोड कंद डाव्या हातानं चढत होता आणि बैचांदी उजव्या.

"पान झडते," सोमरीबाई म्हणाली. "काटा बी झडते. हात नाई बदलत. उन्हायात तेवढाच राह्यते पाह्यले."

शेळी तोवर मास्तरच्या वांग्यांत शिरली होती आणि मास्तर तिच्यामागे धावत होते. मी भिंतीपाशी उभी होते. मला आठवतं, मला पहिल्यांदा आठवला तो चमचा. ज्या छोट्या चित्राचा मला इतका अभिमान होता, पानं नसलेला सुका वेल, तेवढंच एक चित्र खणणाऱ्या माणसाच्या उपयोगाचं होतं. आणि तेच मी एकाच्या जागी दुसरं करून ठेवलं होतं. तक्ता पाहून कुणी उन्हाळ्यात कंद खणायला गेला असता, तर माझ्या नावाच्या चित्रानं त्याला बैचांदीपाशी नेऊन उभं केलं असतं. मला तिथेच बसावंसं वाटलं आणि मी बसले.

"पानं झडायले महिना हाय," सोमरीबाई म्हणाली. दिलासा म्हणून म्हणाली की कामाला लाव म्हणून, ते तिनं सांगितलं नाही.

माझ्याजवळ तेव्हा रंग नव्हते. मी पहिल्या गाडीनं चंद्रपूर गाठलं. साहेब आधी म्हणाले, "अगं, वेल कुठूनही फिरला तरी वेलच." मग देवाजीभाऊंनी कपाटातून वीस वर्षांपूर्वी दाबलेले दोन वेल काढून टेबलावर ठेवले. एक इकडून, एक तिकडून. "सुकलं झाड खोटं नाई बोलत, साहेब," देवाजीभाऊ म्हणाले. साहेबांनी पत्राचा कागद पुढे ओढला. नवा तक्ता पुढच्या वर्षीच छापता आला असता. तक्ता काढून ठेवा असं पत्र त्यांनी त्याच दिवशी सगळीकडे लिहिलं, पण आतल्या गावात पत्र पोचतं कधी आणि वाचलं जातं कधी हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मी रजा मागितली. साहेबांनी रजा दिली नाही, दौरा मंजूर केला. हे त्यांचं मी विसरले नाही.

डब्यात पोस्टरचा दाट पांढरा घेतला, त्यात डिंक आणि थेंबभर साबणाचं पाणी, म्हणजे छापील शाईवर रंग धरतो. टाक, शाई, चार पेन्सिली. देवाजीभाऊ बरोबर आले. एसटीनं जायचं, पुढे मिळेल ते वाहन, नाहीतर पायी. पोचलं की भिंतीवरच्या तक्त्यावर सुका वेल पांढऱ्यानं पुसायचा, वाळू द्यायचा, मग त्यावर पुन्हा काढायचा, या वेळी खऱ्या हाताचा. वर पानांमधला वेलही जिथे जिथे वळसा दिसतो तिथे बदलायचा. एका तक्त्याला अडीच-तीन तास. रंग वाळेपर्यंत चहा यायचा आणि चहाबरोबर प्रश्न.

"बाई, नवा कोरा तक्ता आहे, याले रंग काऊन लावून राह्यल्या?"

"प्रेसमध्ये चूक झाली," मी म्हणायचे.

पहिल्या सात-आठ ठिकाणी मी हेच सांगितलं. जीभ आपोआप वळायची. देवाजीभाऊ विडी घेऊन बाहेर जात. आमच्यासाठी रात्र रात्र जागून छापणाऱ्या त्या प्रेसवाल्याची मी आजवर माफी मागितलेली नाही, तीही इथेच मागून टाकते.

धानोऱ्याकडच्या एका आश्रमशाळेत पोचलो तर तिथल्या मॅडम भलत्या उत्साही निघाल्या. त्यांनी तक्ता नुसता लावला नव्हता, आठवीच्या सगळ्या मुलींकडून वहीत उतरवून घेतला होता. तीसेक वह्या त्यांनी कौतुकानं माझ्यापुढे ठेवल्या. प्रत्येक वहीत माझी चूक, कुणाची रंगीत खडूची, कुणाची पेनाची, आणि सगळ्यांनी वळसे अगदी जपून काढलेले. जपून काढलेले, म्हणजे जपून चुकलेले. मॅडम विचारत होत्या, "प्रेसची चूक कशी काय झाली हो अशी?"

"प्रेसची नाई," मी म्हटलं. "माझी. मी कागद पालथा घातला."

मग दुपारभर वर्गात बसून तीस वह्या दुरुस्त केल्या. मुलींना चूक काय ते दोर गुंडाळून दाखवलं. त्यातल्या निम्म्या मुलींना ते आधीच ठाऊक होतं. "मग सांगितलं काऊन नाई?" मी विचारलं. एक जण म्हणाली, "छापलेलं होतं ना, बाई." हे वाक्य माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. बाहेर आल्यावर देवाजीभाऊंनी मला पहिल्यांदाच विडी देऊ केली. मी घेतली नाही, पण बरं वाटलं.

असे एकोणचाळीस तक्ते झाले. सोमरीबाईचं गाव मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, कारण तिथे धोका नव्हता, तिथे सगळ्यांना हात माहीत होता. पोचले तेव्हा बांधावरच्या वेलांची पानं पिवळी पडून गळायला लागली होती. शाळेच्या भिंतीवर चार खिळे होते आणि तक्ता नव्हता.

नवे मास्तर म्हणाले, वाळवी लागली असेल, कुणी काढला असेल. की जुने मास्तर बदलून सिरोंच्याकडे गेले त्यांच्या सामानात गेला? त्यांना नक्की आठवत नव्हतं. मी सोमरीबाईला विचारलं.

"मले काय मालूम," ती म्हणाली आणि माझ्या हातांकडे बघत राहिली.

सिरोंच्याच्या त्या मास्तरांना मी दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं की तक्ता त्यांच्याकडे नाही. पण पत्रावर विश्वास ठेवणारी मी उरले नव्हते. पुढच्या वर्षी नवा तक्ता छापून आला, बरोबर हाताचा, तोही सगळीकडे गेला. लोकांनी वाखाणला. मला मात्र तो चाळिसावा छळत राहिला. कुठेतरी कुणाच्या तरी भिंतीवर तो असेल, कोपऱ्यात माझं नाव असेल, आणि कुणीतरी त्यावर भरवसा ठेवून खणायला जाईल. उन्हाळ्यात पेपरमध्ये कंद खाऊन बाधा झाल्याची बातमी आली की मी आधी गावाचं नाव वाचायचे. असं दोन-तीनदा झालं. चौकशी केली, तिथे आमचा तक्ता कधी गेलाच नव्हता. तरी जेवण जात नसे. अब्बा गेले, साहेब बदलून गेले, मी निवृत्त झाले. चाळिसावा तक्ता काही सापडला नाही.

गेल्या वर्षी थंडी सरताना देवाजीभाऊंचा फोन आला. ते आता वरोऱ्याला मुलाकडे असतात. "सोमरीबाईनं सांगावा धाडला. नातवाचं लग्न झालं. पेंटरबाईले घेऊन या म्हनते, लय दिवस झाले."

आम्ही दोघं म्हातारे एसटीनं गेलो. सोमरीबाई अंगणातच बसली होती. पाठ वाकली होती, नजर मात्र तशीच, आधी माझ्या हातांवर. तिनं मला आत नेलं. धान्याच्या कणगीमागे, बाहेरून दिसणार नाही अशा भिंतीवर, माझा चाळिसावा तक्ता होता. धुरानं काळवंडलेला, एक कोपरा वाळवीनं खाल्लेला, पण वेल सगळे जागच्या जागी, उलट्या हाताचे.

मी रागावले. खरंच रागावले. "माय, एवढी वर्षं मी मरून राह्यली याच्यापायी! तुले विचारलं होतं मी!"

"तुले सांगतलं असतं तं तू पुसून टाकला असता," सोमरीबाई म्हणाली.

मग तिनं नातसुनेला हाक मारली. छत्तीसगडकडची पोर, लग्नाला महिना झालेला. पदराला हात पुसत आली. सोमरीबाईनं तिला तक्त्यासमोर उभं केलं आणि गोंडीत काहीतरी विचारलं. देवाजीभाऊंनी मला हळूच सांगितलं, "विचारते, यात चुकलं काय?"

पोर लाजली. पानं पाहिली, कंद पाहिले. मग तिची नजर खाली त्या सुक्या वेलावर गेली आणि तिथेच थांबली. तिनं बोटानं आधी एका वेलाचा वळसा गिरवला, मग दुसऱ्याचा, आणि बैचांदीवर बोट ठेवून हसून डावा हात वर केला.

"हे दुसऱ्या घरून आलेल्या सगळ्या सुनाइले दाखवते मी," सोमरीबाई म्हणाली. "माह्या दोघी सुना, पुतन्याची बायको, त्या पलीकडच्या वस्तीवरच्या बी. जिले दिसते तिले खोदायले नेते. जिले नाई दिसत ते घरी राह्यते, पुन्ना शिकते. बरोबरवालं चित्र काय कामाचं? त्यात सारेच पास होतेत."

माझ्या पिशवीत पांढऱ्याची डबी होती. निवृत्त झाले तरी ती असते, सवय. मी नकळत ती बाहेर काढली होती. सोमरीबाईनं ती पाहिली.

"वेलाले हात नको लावू," ती म्हणाली. "तो कोपरा तेवढा वाळवीनं खाल्ला, तो नीट करून दे."

मी खाली बसले. तिच्या कणगीला टेकून, खळीनं जाड कागदाचा तुकडा मागून डकवला, फाटलेली कड जुळवली, गेलेला रंग भरला. माझं नाव त्याच कोपऱ्यात होतं, त्यातली दोन अक्षरं वाळवीनं नेली होती. तीही टाकानं पुन्हा लिहिली, सुलटी. काम करता करता दारातून पाहिलं तर सोमरीबाई काठी टेकत पुढे निघाली होती आणि नातसून खोदायची सब्बल खांद्यावर घेऊन तिच्यामागे, जंगलाकडे.